आधी स्क्रीन की आधी मोटार?

शिवारातला_इंजिनिअर
परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं की स्मार्ट उपकरणाचा प्रोटोटाइप (पहिला नमुना) म्हणजे फिगमा या डिझाइन सॉफ्टवेअरमधले पंधरा स्क्रीन, हार्डवेअर मागाहून बनतंच. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी शेतीपंपाच्या मोबाईल स्टार्टरवर, म्हणजे फोनवरून मोटार सुरू करणाऱ्या डब्यावर, चार वर्षं काम करतोय. आमचेही स्क्रीन ऑफिसात सगळ्यांना आवडले होते. मग एका रात्री दीड वाजता विहिरीवर गेलो, कारण थ्री फेज लाइट त्या आठवड्यात रात्रीचीच होती. दाजींनी ॲपवर 'सुरू' दाबलं, हिरवा ठिपका आला. मोटार ढिम्म. तीनपैकी एक फेज गेला होता. दाजी म्हणाले, "हिरवं दिसतंय, पण पाणी कुठाय?"

डब्याला आदेश पोहोचला आणि मोटार फिरली, या दोन गोष्टी आम्ही एकच धरल्या होत्या. शेवटी मोटारीच्या तारेवर सीटी कॉइल (करंट मोजणारं कडं) बसवून करंट मोजला, तेव्हा ठिपका खरं बोलायला लागला. हे स्क्रीनवर लोक कुठे किती टॅप करतात ते मोजून कळलं असतं का?

रेखाटन_आधी
ती पोस्ट माझी. सर्किट बोर्ड बदलायचा तर आठवडे जातात, स्क्रीन दुपारच्या चहापर्यंत बदलतो. म्हणून आधी स्क्रीन. 'फेज नाही' हा स्क्रीन तुम्ही काढलाच नाहीत, त्याचं खापर फिगमावर का फोडता? दाराच्या स्मार्ट कुलपाची चाचणी आम्ही एकही सर्किट न जोडता केली. दाराआड माणूस बसवला, बटण दाबलं की तो हाताने कडी काढायचा. त्याला तीन सेकंद उशीर झाला की लोक पुन्हा पुन्हा बटण दाबत. ते तिथेच कळलं.

बागायतदार
तुमचं चालू द्या, पण आमची डीपी, म्हणजे सगळ्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर कोण भरून देणार? लाइट आली की गावातले सगळे ऑटो स्विच आपोआप, एकदम मोटारी सुरू करतात. थेट सुरू होताना मोटार एरवीच्या पाच-सहा पट करंट खेचते. महावितरण सांगून थकलं, ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. गेल्या रब्बीत डीपी जळाली, नऊ दिवस गहू तहानलेला. वर घरातली सगळी सिमं जिओची, ती 2जीवर चालत नाहीत, म्हणून तुमच्या 2जी डब्याला वेगळं सिम आणि वेगळा रिचार्ज.

शिवारातला_इंजिनिअर
दादा, प्रत्येक डब्याने वेगवेगळी मिनिटं थांबून मोटार सुरू करायची, ही सोय आम्ही दिली आहे.

बागायतदार
दिली, आणि मी बंद केली. शेजारी थांबत नाही. मी दहा मिनिटं थांबलो की तोवर व्होल्टेज पडतं आणि माझी मोटार उचलतच नाही. थांबणाऱ्याचंच नुकसान, हे तुमच्या एकाही माणसाने विचारलं नाही. रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला कधी उभे राहिलात का?

रेखाटन_आधी
यात स्क्रीन काय करणार? ही तर गावाच्या भांडणाची गोष्ट झाली.

शिवारातला_इंजिनिअर
ताई, डबा त्या गावातच बसतो! एका विहिरीवर चाचणी घेऊन आम्ही खूश झालो, पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकत्र कधी बघितल्याच नाहीत. तेवढी चूक आमची.

रेखाटन_आधी
ठीक आहे, ही अडचण कागदावर दिसली नसती, एवढं मान्य. पण तिथे जातानाही मी खोका आणि हाताने फिरवायचा स्विचच नेईन, तयार बोर्ड नाही.

बागायतदार
काय न्यायचं ते न्या. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाइट आहे. बॅटरी आणि गमबूट आणा, डीपीपासून सुरुवात करू.