पिनहोलचे पेपर निगेटिव्ह एकतर कोळसा नाहीतर राख, मदत हवी आहे (इंदूर)

मंडळी नमस्कार, पिनहोल म्हणजे लेन्सऐवजी नुसतं बारीक भोक असलेला डब्याचा कॅमेरा केलाय, त्यात फिल्मऐवजी फोटोचा कागद घालून त्यावरच निगेटिव्ह काढतोय. सलग तीन रविवार पाण्यात गेले आणि अर्धं पाकीट कागद संपला म्हणून शेवटी इथे विचारतोय. कॉलेजात असताना ब्लॅक अँड व्हाइट रोल स्वतः धुतलेत त्यामुळे वाटलं होतं कागद म्हणजे काय, त्याहून सोपं. तसं काही नाहीये.

सेटअप सांगतो. घरात सेव ठेवायचा गोल पत्र्याचा डबा, व्यास १२ सेंमी, आतून काळा मॅट स्प्रे मारलाय. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्याला आईच्या शिवणाच्या सुईने भोक पाडलं, सुई अर्ध्या मिलिमीटरची धरली. कागद ५ बाय ७ चा मल्टिग्रेड (फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येतो असा) आरसी (प्लास्टिकचा थर असलेला), एक ओळखीचा स्टुडिओ बंद झाला तिथून मिळाला, पाकिटावरची तारीख वाचता येत नाही. डार्करूम म्हणजे रामबागेतल्या घराचं बाथरूम, दाराच्या फटीला सतरंजी. डेव्हलपर डी-७२, एकास दोन पाणी, मग हायपो (इमेज पक्की करणारं फिक्सर).

पहिल्या रविवारी राजवाड्यासमोर सकाळी अकराला एक मिनिट एक्सपोजर दिलं (तेवढ्यात चार जण विचारून गेले की भिया डब्यात काय आहे). धुतल्यावर सगळा कोळसा. दुसऱ्या खेपेला २० सेकंद दिले तर आभाळ डांबरासारखं काळं आणि राजवाड्याचे वरचे मजले कोरे, म्हणजे तिथे कागदावर काही उमटलंच नाही, मधले ग्रे टोन नावाला पण नाहीत. तिसऱ्या खेपेपासून नवीनच त्रास, अख्ख्या कागदावर राखाडी झाक येतेय आणि गंमत म्हणजे कडेला जिथे चिकटपट्टीखाली कागद झाकलेला होता तिथे पण तीच झाक. डबा लीक असता तर पट्टीखाली पांढरं राहिलं असतं ना? डोकं चालेनासं झालंय.

अजून एक, कुठेतरी वाचलं की निगेटिव्हला मागून तेल लावलं की कागद पारदर्शक होतो आणि कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह दुसऱ्या कागदाला चिकटवून काढलेली) चांगली येते. आई म्हणते खोबरेल लाव. लावू का?

सेवपरमल: आधी हे सांगा डब्यातली सेव कुठे गेली. बाकी मला यातलं ओ की ठो कळत नाही पण वाचतोय.

लाल_दिवा: पट्टीखालची झाक हीच तुमची खूण आहे. भोकातून येणारा प्रकाश तिथे पोचूच शकत नाही, म्हणजे कागद डब्यात जायच्या आधी नाहीतर बाहेर आल्यावर खराब होतोय. लाल दिवा कुठला वापरताय ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि माझा संशय नेमका त्याच्यावरच आहे. नाण्याची टेस्ट करा, कागदाचा तुकडा इमल्शन (रसायन लावलेली बाजू) वर करून नेहमीच्या जागी ठेवा, त्यावर रुपया ठेवा, लाल दिव्यात ५ मिनिटं राहू द्या आणि मग धुवा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा चोर. कागद जुना आहे म्हणून दुसरी पण टेस्ट करा, पूर्ण अंधारात दोन पट्ट्या कापा, एक सरळ हायपोत, दुसरी आधी डेव्हलपरमध्ये आणि मग हायपोत. दोन्ही सारख्याच पांढऱ्या निघाल्या तर कागद ठणठणीत.

जुना_हायपो: बाबा रे, फिल्मची सवय विसर. फोटोचा कागद निळा प्रकाश पाहतो, मल्टिग्रेड असेल तर थोडा हिरवाही, लाल त्याला दिसतच नाही, म्हणून तर लाल दिव्यात काम चालतं. आता राजवाडा डोळ्यापुढे आण. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. तपकिरी लाकडातून निळं काय येणार, आणि मागे निळंभोर आभाळ. कॉन्ट्रास्ट फाटणारच, त्यात कागदाची चूक नाही. आणि कागदाचा स्पीड, म्हणजे प्रकाशाला तो किती संवेदनशील ते, आयएसओ ६ च्या आसपास धर, ३ ते १२ मध्ये कुठेही निघतो.

यावर उपाय प्रीफ्लॅश. कागद डब्यात घालायच्या आधी त्याला अगदी मंद पांढरा प्रकाश दाखवायचा. बल्बला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून बारीक छिद्र ठेव, लांबून एका पट्टीवर १, २, ३, ४ सेकंद असे टप्पे दे आणि धू. ज्या टप्प्यावर राखाडी दिसायला लागते त्याच्या एक पायरी आधीचा वेळ आपला. तेवढा प्रकाश खाऊन कागद उंबरठ्यावर उभा राहतो, मग सावलीतला थोडासा उजेडही नोंदला जातो आणि आभाळाला काही फरक पडत नाही.

तेलाचं म्हणशील तर आरसीला नको. त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, तेल आत मुरणारच नाही, नुसता चिकट पसारा होईल. ते साध्या फायबर कागदाचं काम. टॅलबॉटने १८४१ ला कॅलोटाइप या फोटोपद्धतीचं पेटंट घेतलं ती कागदाचीच निगेटिव्ह, तिला मेण पाजायचे. आरसी तशीच इमल्शनला इमल्शन लावून वर काच ठेवून छाप, वेळ जास्त लागेल इतकंच. फक्त मागे कंपनीचं नाव छापलेलं नाही ना बघ, नाहीतर ते प्रिंटमध्ये उतरतं. असो, आपल्या इंदुरात पीडब्ल्यूडीच्या नोकरीत नकाशे काढता काढता दीनदयाळ फोटोकडे वळले आणि पुढे राजा दीनदयाळ झाले, तेव्हा गावाची हवा चांगली आहे, हिंमत सोडू नकोस.

धागाकर्ता: सर्वांना धन्यवाद. लाल दिवा देवघरातला झीरोचा बल्ब आहे, लाल रंग दिलेला काचेचा. रात्री टेस्ट केली. रुपयाचा गोल पांढराशुभ्र आणि भोवती पावसाळी आभाळासारखा करडा रंग, गोलाची कड इतकी रेखीव की तेवढाच फोटो तीन आठवड्यांत बरा आला म्हणायचा. अंधारातल्या दोन्ही पट्ट्या पांढऱ्या, म्हणजे कागद निर्दोष सुटला. पण मग पहिल्या खेपेचा कोळसा का?

लाल_दिवा: रंगातून पांढरा उजेड गळतो त्या बल्बच्या. सायकलच्या मागची लाल एलईडी आणा, भिंतीकडे तोंड करून लावा आणि तिचीही नाणेपरीक्षा घ्या. कोळशासाठी भोक मोजा. पत्रा स्कॅनरवर ठेवून १२०० डीपीआयला स्कॅन करा, अर्धा मिलिमीटर म्हणजे साधारण २४ पिक्सेल.

धागाकर्ता: ३८ पिक्सेल!! सुई आरपार घालून वर फिरवली पण होती, आता आठवलं.

लाल_दिवा: म्हणजे ०.८ मिमी. डब्याचा व्यास १२० मिमी, त्याला ०.८ ने भागा, एफ १५० (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी). आयएसओ ६ ला कडक उन्हात एफ १६ वर एक षष्ठांश सेकंद लागतो, तिथून एफ १५० चा हिशोब १५ सेकंदांच्या आत येतो. तुम्ही ६० दिले, दोन स्टॉप म्हणजे चौपट जास्त. १२ सेंमीला भोक ०.५ च्या जवळच हवं. सुईने पत्र्याला नुसता फुगवटा आणा, उलट बाजूने तो फुगवटा झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, टोक जेमतेम निघालं की थांबा. मग एफ २४० होईल आणि उन्हात ३७-३८ सेकंद.

सूरसागर_बडोदे: कागद मल्टिग्रेड आहे तर भोकापुढे पिवळा फिल्टर लावून बघा, निळं कापलं जातं आणि कागद सौम्य ग्रेडसारखा वागतो. वेळ मात्र दुप्पट-तिप्पट वाढेल, टेस्ट करूनच ठरवा. दोन नंबर, तीन नंबर असा ठरावीक ग्रेडचा कागद असता तर फिल्टरने नुसता वेळ वाढला असता. आणि पाण्याचं कोणी बोललंच नाही! मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी किती तापतं? आमच्याकडे संध्याकाळी पण ३४ निघतं आणि डेव्हलपरचे वेळ २० डिग्रीला दिलेले असतात. गरम पाण्यात इमेज धाडकन येते, माणूस घाबरून कागद आधीच काढतो आणि डाग पडतात. ट्रे परातीत ठेवा, परातीत बर्फ, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, पातळ होतो. पातळच करायचा तर मुद्दाम एकास चार करा, कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो.

धागाकर्ता: अपडेट द्यायला उशीर झाला. सायकलची एलईडी नाणेपरीक्षेत पास. भोक चौथ्या पत्र्याला जमलं, २५ पिक्सेल. प्रीफ्लॅश माझ्या फॉइलवाल्या बल्बला ३ सेकंद ठरला. राजवाड्याला सध्या रामराम, आईला ओट्यावर सावलीत बसवलं आणि ४ मिनिटं दिली. तिला सांगितलं हलू नको, तर म्हणाली रिकामी कशी बसू, आणि तांदूळ निवडायला घेतले.

निगेटिव्ह आली, आणि चक्क मधले टोन आहेत! पट्टीखाली पांढरं आहे. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये हातांचा नुसता धूर झालाय पण ताटाची कड स्पष्ट. लाल साडी काळी आली, कुंकू पण काळं, त्यावरून घरात थोडी नाराजी आहे. मोबाइलवर आधी निगेटिव्हचाच फोटो काढून इन्व्हर्ट केला तर दारावरची पाटी उलटी, तो आडवा फ्लिप करावा लागला, प्रिंटमध्ये मात्र पाटी आपोआप सरळ. पिवळा फिल्टर पुढच्या रविवारी.

झीरोचा बल्ब परत देवघरात लावलाय.