मदत हवी आहे: नववीला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ कसं सुरू करू?
नमस्कार मंडळी, हाताशी जेमतेम चार तासिका आहेत. आधी शेक्सपिअरच्या काळचं थिएटर दाखवावं म्हणते: भरदुपारचे खेळ, एका पेनीत उभ्याने बघणारं पब्लिक, आणि १५९९ चं ‘ग्लोब’ नाट्यगृह १६१३ मध्ये खेळातल्याच तोफेने गवती छप्पर पेटून कसं जळालं ते. ज्युलिएटचं काम मुलगाच करायचा म्हटल्यावर मागचा बाक खिदळणार; तिथे बालगंधर्वांचा फोटो काढीन. (ते तरी माहीत असतील का, देव जाणे!)

अडतंय पुढे. सुरुवातीच्या चौदा ओळींतच दोघं मरणार हे सांगून टाकलंय. ते आधी वाचू की शेवट झाकून ठेवू? आणि बाकं सरकवून वर्गातच प्रवेश कुणी बसवलाय का? बाल्कनी म्हणून ज्युलिएटला टेबलावर चढवायचा विचार आहे.