संत्र्याचं कॉकटेल वीस जणांसाठी: रस कडू का होतो, माप काय धरावं?

वावरातला:
एप्रिलमध्ये संध्याकाळी वावरात वीस माणसं आहेत. मृगाची (पावसाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या मृग बहाराची) संत्री घरचीच. जिन, संत्रा, लिंबू आणि सोडा असा बेत आहे. अडचण एकच: सकाळी मिक्सरमधून काढलेला रस दिवस मावळेपर्यंत कडूजहर होतो, साखरेनंही जात नाही. शेकर नाही, गंज (मोठं पातेलं) आणि डाव (पळी) आहे. माणशी दोन ग्लास धरून माप सांगा.

बहारवाला:
मिक्सर सोडा, भाऊ. संत्र्याच्या बियांत आणि पांढऱ्या पडद्यांत एक पदार्थ असतो. फळ अख्खं असेपर्यंत तो कडू नसतो. पेशी फुटून तो आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, ते कडू. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी बिघडतो. पातं बी चिरडतं, तिथंच घात होतो.

संत्रं आडवं कापा, हातयंत्रावर हलक्या हातानं पिळा. शेवटचा थेंब काढायच्या नादात पडदे रगडू नका. लगेच गाळा आणि दोन-तीन तासांत संपवा. रस उकळून टिकवायला जाल तर कडूपणा वाढेल. मे महिन्यात मोसंबीवर आलात तरी हेच, तिचाही रस असाच फिरतो.

गंजभर:
एका ग्लासाचं माप: जिन 45 मिली, संत्र्याचा रस 60, लिंबाचा 20, पाक 15, वरून सोडा 60.

चाळीस ग्लासांना जिन 1800 मिली, म्हणजे दोन खंबे (750 मिलीच्या बाटल्या) आणि दोन क्वार्टर (180 मिलीच्या). संत्र्याचा रस 2.4 लिटर, त्याला आठेक किलो संत्री. लिंबाचा रस 800 मिली. उन्हाळ्यात लिंबं कोरडी निघतात, साठ आणा. कापण्याआधी पाटावर दाबून लोळवली की रस सुटतो.

पाकाला 400 ग्रॅम साखर आणि 400 मिली पाणी. साखर विरघळली की आच बंद करून त्यात पाच-सहा संत्र्यांची साल टाका, आतला पांढरा भाग खरवडून. अर्ध्या तासानं साल काढून टाका. खरा वास सालीतल्या तेलाचा असतो, रसाचा नाही. सालीसकट उकळू नका. कोरडी साखर थेट गंजात टाकली तर थंडाव्यात ती तळाशीच बसते.

सोडा सोडून सगळं एकत्र करा, 5.6 लिटर होतं. स्टीलचाच गंज घ्या, पितळेला आंबट चालत नाही. तो बर्फ-मिठाच्या घमेल्यात ठेवा. ग्लासात 140 मिली घालून सोडा वरून, प्रत्येक ग्लासात वेगळा. गंजातच सोडा ओतला तर दुसऱ्या फेरीला नुसतं सरबत उरतं.

वावरातला:
लिंबू इतकं कशाला? संत्रं आंबट असतंच की.

बहारवाला:
पिकलेल्या मृगाच्या संत्र्यात आंबटपणा कमी असतो, त्यात सोडा आणि बर्फ पडला की चव पाणचट होते. तरी आधी 600 मिलीच घाला, चाखून बाकीचा. कुठं किंचित कडसर लागलाच तर चिमूटभर काळं मीठ, जास्त नको, नाहीतर जलजिऱ्यासारखं होतं.

थंडगार:
बर्फाचं कोणी बोललं नाही. पिण्यासाठी सहा-सात किलो आणि बाटल्या थंड करायला दहा किलो वेगळा. निळसर लादी खाण्याची नसते, ती फक्त बाटल्यांना. ग्लासातले तुकडे मोठे ठेवा. बारीक चुरा दोन मिनिटांत विरघळून सगळं पचपचीत करतो. सोड्याच्या बाटल्या दोन तास आधीच बर्फात गाडा, गरम सोडा बर्फावर ओतला की फसफसून वायू उडतो.

गंजभर:
न पिणाऱ्यांसाठी आधीच वेगळा गंज: जिनऐवजी थंड पाणी, थोडी ठेचलेली पुदिन्याची पानं. डावही वेगळा, आणि दोन्ही गंज एका टेबलावर नकोत. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिकडं हाच गंज करायचा.

जिन कमी पडली म्हणून मोहाची हातभट्टी ओतायची नाही बाप्पा. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं म्हणून माप जमतं, हातभट्टीत काय आणि किती आहे हे पाजणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि पाण्याचा माठ भरलेला ठेवा. दिवसभर 42-43 अंशात तापलेली माणसं तहानेपोटी पहिला ग्लास गटागटा पितात, त्याआधी पाणी द्या.