ऐरोलीत घरगुती संगतीला जायचंय, सुरुवात कुठून करावी?

सेक्टर आठकर
सलाम सगळ्यांना. बदलीमुळे नगरहून ऐरोलीला आलो आहोत, आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. नगरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळीचे सभासद आहोत. रविवारी उपासनेला ठाण्याला जातो, पण मधल्या वारी घरोघरी होते तशी संगती, म्हणजे गाणी, बायबल वाचन आणि प्रार्थनेसाठीची छोटी बैठक, अजून मिळालेली नाही. नाव कुणाकडे द्यायचं? सभासदत्व इकडे आणल्याशिवाय बसू देतात का? मिसेसना चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायला जमत नाही, त्याचं काय? आणि आमच्या घरी संगती भरवायची पाळी आली तर वन बीएचकेत कसं जमवायचं?

जुना पेटीवाला
दादा, आधी अंतर बघा, बाकीचं मागाहून. संगती सुटते ती बहुतेक वेळा प्रवासामुळे. भांडणामुळे क्वचितच. ऐरोली ते ठाणे मध्ये फक्त दिघा गाव, म्हणजे गाडी मिळाली की पोहोचलात. पण ठाणे स्टेशनला उतरून पुढे घोडबंदर रोडच्या घरी जायचं असेल तर संध्याकाळी सात वाजता तो पुढचा टप्पाच जीव घेतो. त्यापेक्षा रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या बाजूचं घर बरं. दारापासून दारापर्यंत अर्ध्या तासाच्या आत बसेल तीच संगती पावसाळ्यातही टिकते.

नाव द्यायला उपासना संपल्यावर दारात पाळकसाहेबांना (पास्टरना) गाठू नका. तिथे वीस जण हात मिळवत असतात, तुमचं नाव त्यांच्या लक्षात राहणार नाही. मंडळीच्या सेक्रेटरींना चिठ्ठी द्या: पत्ता, जवळचं स्टेशन, घरात किती जण, कोणता वार जमतो. उपासनेत जाहिरातीच्या, म्हणजे सूचनांच्या, वेळी प्रार्थनासभांची घरं वाचून दाखवतात, तेही कान देऊन ऐका. ज्या घरी जाणार त्यांना आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे सोसायटीच्या गेटवर तुमचं नाव दिलेलं असेल.

बसायला सभासदत्व लागत नाही. ते लागतं मंडळीच्या सभेत मत द्यायला, समितीवर यायला. तरी नगरहून शिफारसपत्र आत्ताच मागवून ठेवा, बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) तारखांसकट. तुमचं काम सोपं आहे, कारण नगरकडच्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९७० साली सीएनआयमध्ये आल्या, म्हणजे घर तेच, खोली बदलली. बहुतेक मेथॉडिस्ट त्या एकीकरणात आले नाहीत, त्यामुळे तिकडे नाव घालायचं असेल तर त्यांच्या पाळकांशी वेगळं बोलावं लागतं.

पहिल्या सभेवर मत बनवू नका. तीन वेळा, तीन वेगवेगळ्या घरी जा. एक घर गाण्यात रमतं, एक शास्त्रात (बायबलात), एक चहात. तिन्ही पाहिल्याशिवाय ती माणसं कळत नाहीत.

वचनवाली ताई
ताईंच्या संकोचाबद्दल. प्रार्थना गोलाने फिरते तेव्हा आपला क्रम आला की शेजारच्या बाईच्या हाताला हलकं दाबायचं, ती पुढे सुरू करते. हे सगळीकडे समजतं. संगती चालवणाऱ्याला आधी सांगून ठेवलं तर तो गोल न फिरवता "ज्यांना वाटेल त्यांनी" म्हणतो, तेच उत्तम. नव्या बाईला पहिल्याच दिवशी नाव घेऊन "तुम्ही करा" म्हणणं ही चालवणाऱ्याची चूक आहे, बाईची नाही. हवं तर एक शास्त्रपाठ वाचायला मागून घ्या, त्याने आवाज मोकळा होतो.

मात्र वाचताना सगळ्यांकडे एकच भाषांतर हवं. निम्म्यांच्या हातात बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र आणि निम्म्यांच्या फोनवर सोपं भाषांतर असलं की आळीपाळीने वाचताना प्रत्येक वचनाला अडखळायला होतं. मोठ्याने एकच वाचावं, दुसरं अर्थ ताडून बघायला ठेवावं. नवीन संगतीला मार्कचं शुभवर्तमान बरं: सोळाच अध्याय आहेत, दर आठवड्याला अर्धा घेतला तरी आठ महिन्यांत होतं.

तलावपाळी
कॅथलिक वाचकांसाठी थोडं, कारण आमच्याकडे पद्धत वेगळी आहे. मुंबई महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून छोटे ख्रिस्ती समूह आहेत आणि ते पत्त्यावर ठरतात, आवडीवर नाही. म्हणजे तुमची इमारत ज्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तिथलाच समूह. पॅरिश ऑफिसात कुटुंबाची नोंद करा, तेच तुमच्या भागातल्या ॲनिमेटरचा, म्हणजे समूह चालवणाऱ्याचा, नंबर देतात. बैठकीत बहुधा सात पायऱ्यांचं वचनवाटप असतं: प्रभूला बोलावणं, वाचन, भिडलेला शब्द तीनदा उच्चारणं, शांतता, मनात आलेलं सांगणं, काय करायचं ते ठरवणं, प्रार्थना. चौथी पायरी लोक गाळतात, शांतता अवघडते म्हणून. ती गाळली की पाचवीत सगळे तयार वाक्यं बोलतात. ऑक्टोबरात घरोघरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असते, ओळखीसाठी तो महिना सगळ्यांत सोपा.

सेक्टर आठकर
खूप आभार. घरी पाळी येईल तेव्हाचं सांगाल का? आणि मुलीचं काय करायचं?

जुना पेटीवाला
दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून सतरंजी घातली की बारा जण बसतात. वयस्करांसाठी चार खुर्च्या लागतात, त्या धरूनच बारा. चौदाच्या वर माणसं होऊ लागली की संगतीची दोन घरं करायची वेळ झाली. नाहीतर दोघे-तिघेच बोलतात आणि बाकीचे ऐकून घरी जातात. चपला पॅसेजमध्ये ठेवू नका, दाराच्या आत गोणपाट अंथरा. शेजाऱ्यांची पहिली तक्रार गाण्यांची नसते, चपलांची असते.

वेळ दीड तास, आणि तो पाळायचाच. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली दोन गाणी पंधरा मिनिटं, शास्त्र चाळीस, प्रार्थनेच्या विनंत्या आणि प्रार्थना पंचवीस, उरलेला वेळ चहा. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन घेतलंत की झांज निघतेच. नऊनंतर ती बाजूला ठेवून टाळ्यांवर भागवा.

खायला चहा आणि बिस्किटं, फार तर चिवडा. इथे कडक राहा. एका घरी बिर्याणी झाली की पुढच्या घरची बाई पाळी टाळते, आणि का टाळली ते ती कधीच सांगत नाही. चांगल्या चांगल्या संगती अशाच बंद पडल्यात.

मुलीला सुरुवातीची गाणी सगळ्यांबरोबर, मग आत रंगाचं पुस्तक. दोन-तीन मुलं झाली की मोठ्यांपैकी एक जण आळीपाळीने आत बसेल असं ठरवा.

वचनवाली ताई
एक महत्त्वाचं राहिलं. विनंत्या वहीत लिहा, व्हॉट्सॲपवर टाकू नका. "अमक्याच्या मुलाच्या लग्नासाठी", "तमक्याच्या रिपोर्टसाठी" हे शब्द दुसऱ्या दिवशी तीन ग्रुपांवर फिरतात, आणि ज्याने मन मोकळं केलं तो परत तोंड उघडत नाही. ग्रुपवर फक्त वार, वेळ, पत्ता. संगतीत उसनवारी नको, विमा विकणं नको. अर्पण घेतलं जात असेल तर ते मंडळीच्या पावतीवर जायला हवं, कुणाच्या खिशात नाही. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घरी कुणी सभासदाने देऊ केलं तर नम्रपणे नको म्हणा, ते पाळकांचं काम. आणि औषधं बंद करा, रविवारी देवळात (चर्चमध्ये) जाऊ नका, असं कुणी सांगायला लागलं तर त्या घरी परत जाऊ नका, आणि पाळकसाहेबांच्या कानावर घाला.

तुम्ही तिघांनी कोणता वार मोकळा आहे तेवढं इथे कळवा. घणसोलीच्या बाजूला बुधवारी आणि शुक्रवारी घरं असतात, सेक्रेटरींना त्या दोन वारांचं मुद्दाम विचारा.