तबेल्यातील धूळ कमी करण्यासाठी जमीन कशाची करावी?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)

आमच्याकडे दोन काठेवाडी घोड्या आणि एक शिंगरू असून शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची ठाणी आहेत. खाली काळी जमीन असून तिच्यावर मुरूम टाकून धुम्मस केलेला आहे. पावसाळ्यात चिखल होत नाही, पण दिवाळीनंतर मुरमाचा वरचा थर सुटू लागतो, मोठी घोडी पुढच्या पायाने सारखी उकरते आणि पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगताना स्पष्ट दिसते. याच घोडीला सकाळी वैरण खाताना खोकला येतो. ताप नाही, नाकातून घट्ट शेंबूडही येत नाही. घरातील वडीलधारी मंडळी शेणाने सारवायला सांगतात, गवंडी शहाबादी फरशी सुचवतो, तर ओळखीच्या एका गृहस्थांनी साखर कारखान्यावरून बगॅस (रस काढलेल्या उसाचा चोथा) आणून त्याचा जाड थर पसरण्याचा सल्ला दिला आहे. खर्च एकदाच करायचा असल्यामुळे जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (लातूर, बांधकाम व्यवसाय)

सारवण माणसाच्या पायाखाली टिकते, नाल मारलेल्या टापेखाली टिकत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्यांचीच धूळ होते. शहाबादी फरशी स्वच्छ राहते हे खरे, परंतु मूत सांडल्यावर ती इतकी निसरडी होते की उठू पाहणाऱ्या घोड्याचे मागचे पाय फाकण्याची भीती असते, म्हणून ठाणात ती मी कधीच बसवणार नाही. फरशी बसवायचीच असेल तर बाहेरच्या वाटेवर, टाके मारून खडबडीत करून बसवावी.

आपल्या भागात खरी अडचण खालच्या काळ्या मातीची आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट ओतलेला कोबा दोन-तीन वर्षांत तडकतो आणि तडकलेल्या कडांमधून पुन्हा माती वर येते. निदान दीड-दोन फूट काळी माती उपसून दगडाचे सोलिंग (दगड रचून केलेला पायाचा थर) करावे, त्यावर मुरूम थराथराने पाणी मारून दाबावा आणि मग चार इंच काँक्रीट करावे. पृष्ठभाग थापीने गुळगुळीत न करता ओला असतानाच खराट्याच्या रेघा ओढून घ्याव्यात. उतार दहा फुटांस दोन इंच पुरेसा आहे. त्याहून जास्त दिल्यास जनावर कायम तिरपे उभे राहते. नाली ठाणाच्या बाहेर आणि उघडी ठेवावी, झाकलेली नाली कोणी साफ करत नाही.

नुसते काँक्रीट सांध्यांना कठीण असते, म्हणून त्यावर सतरा-अठरा मिलिमीटर जाडीच्या रबरी मॅट भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसवाव्यात. घोडी उकरत असेल तर जमिनीची धूळ थांबवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

उत्तर (परभणी, पशुवैद्यक)

वरील सल्ला योग्य आहे, परंतु केवळ जमीन बदलून खोकला जाईल अशी अपेक्षा धरू नये. उन्हात तरंगताना दिसणारी धूळ बहुतांशी नाकात आणि घशात अडकते. फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचणारे कण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि त्यांत सर्वांत त्रासदायक असतात ते बुरशीचे बीजाणू, जे मुरमातून नव्हे तर कडब्यातून आणि अंथरुणातून येतात. आपण स्वतःच लिहिले आहे की घोडी वैरण खाताना खोकते. त्या वेळी तिचे नाक वैरणीतच असते. हा घोड्यांचा दमा असू शकतो. तो वाढल्यास विश्रांतीच्या वेळीही नाकपुड्या फुलतात आणि श्वास सोडताना पोट ओढले जाते, तेव्हा एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी.

बगॅसला माझा स्पष्ट विरोध आहे. कारखान्याच्या आवारात ओला साठून राहिलेला बगॅस आतून तापतो आणि बुरसटतो. त्या धुळीमुळे माणसांना होणारा फुप्फुसाचा आजार बगॅसोसिस या नावानेच ओळखला जातो. पावसात भिजलेला सोयाबीनचा भुस्साही त्याच कारणाने टाळावा. मॅटवर सुताराच्या रंध्याखाली निघणारे लाकडाचे मोठे छिलके थोडेसे, मूत शोषण्यापुरते टाकावेत. करवतीचा पिठासारखा भुसा नको, आणि प्लायवूडचा तर मुळीच नको, कारण त्यात डिंक व रसायने असतात.

कडबा कुट्टी चाळून, पाणी शिंपडून ओली करून, जमिनीलगत द्यावी. मान खाली राहिली की श्वासनलिकेतील कफ आपोआप बाहेर येतो. मात्र एका वेळी जेवढी खाल्ली जाईल तेवढीच भिजवावी, आपल्या उन्हाळ्यात भिजवलेली कुट्टी काही तासांत आंबते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. कडब्याच्या पेंढ्या ठाणांच्या अगदी वर, माळ्यावर रचलेल्या आहेत, ही गोष्ट लिहायची राहिली होती. आणखी एक शंका: नवीन मॅट महाग पडत असल्यास भंगारात मिळणारा कन्व्हेअर बेल्ट चालेल काय?

उत्तर (लोहा, जि. नांदेड)

आमच्या तीन पिढ्या घोडी पाळत आल्या आहेत, त्या आधारावर लिहितो. माळा आधी रिकामा करा. पेंढी ओढली की वरचा सगळा चुरा घोडीच्या तोंडावर पडतो, मग खाली रबर असो की संगमरवर, काहीही उपयोग नाही. कडब्याची गंजी शेडपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी. पत्र्याखालची, वाऱ्यासाठी ठेवलेली जागा थंडीत गोणपाटाने बुजवण्याची आपल्याकडे सवय आहे, तीही सोडावी. माळेगावच्या यात्रेत घोडी भर थंडीत उघड्यावर बांधलेली असतात आणि घरी खोकणारे जनावर तिथे कमी खोकते, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

बेल्ट चालतो, पण कापडी थरांचाच घ्यावा. पोलादी तारांचा बेल्ट झिजल्यावर तारा बाहेर येऊन खुरात घुसतात. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर त्यावर आडव्या खाचा पाडून घ्याव्यात. झाडलोट आणि खरारा जनावर बाहेर काढूनच करावा. धूळ बसावी म्हणून काही जण जळके ऑइल शिंपडतात. ते विषारी आहे, तबेल्याच्या आसपासही नको. साध्या पाण्याचा हलका शिडकावा पुरतो, मात्र रोज भरपूर पाणी मारल्यास खुरांच्या पुतळ्या (तळव्यावरचा मऊ त्रिकोणी भाग) सडू लागतात.

उत्तर (परभणी, पशुवैद्यक)

बेल्ट किंवा मॅट, काहीही टाकले तरी ते अधूनमधून उचलून खालची जमीन धुतली पाहिजे, कारण सांध्यांतून झिरपलेले मूत तिथे कुजते आणि अमोनिया तयार होतो. त्यानेही खोकला चाळवतो. वास उभे राहून घेऊ नये. ठाणात उकिडवे बसावे, म्हणजे झोपलेल्या घोडीचे आणि शिंगराचे नाक ज्या उंचीवर असते तिथली हवा कळेल. तिथे डोळे चुरचुरत असतील तर उतार आणि नाली पुन्हा तपासावी.

प्रश्नकर्ता

पेंढ्या या आठवड्यात हलवतो. सोलिंग आणि काँक्रीट आधी मोठ्या घोडीच्या ठाणाचेच करून घेतो. काँक्रीट पुरते मुरेपर्यंत तिला बाहेर लिंबाखाली बांधता येईल, म्हणजे मोकळ्या हवेत खोकला किती उतरतो तेही समजेल.