मदत हवी आहे : मुरबाडच्या शेतातलं तळं गळतंय

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात राहतो, शेत मुरबाड तालुक्यात आहे. तिथे 20 बाय 15 मीटरचं, 3 मीटर खोल तळं खोदलंय. पावसाळ्यात काठोकाठ भरतं, पण दिवाळीपर्यंत निम्मं होतं.

आधी वाटलं, उन्हाने आटत असेल. म्हणून पाण्याने भरलेली बादली आठवडाभर काठावर ठेवली. बादलीतलं पाणी जेमतेम 3 सेंटिमीटर उतरलं, तळ्यातलं जवळजवळ 30! म्हणजे गळतीच. पाणी दीड मीटर उतरलं की घट एकदम मंदावते, त्यामुळे गळती त्या पातळीच्या वरच असावी असा माझा अंदाज. उताराकडच्या बांधात खेकड्यांची बिळं आहेत, जांभळाची मुळंही शिरलीत आणि त्याच्याच खालचं भाताचं खाचर सगळं सुकल्यावरही ओलं राहतं. जमीन मुरमाड, खाली कातळ.

तळ्यात 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा असं बरेच जण सुचवतात. पण आमची गुरं पाण्यात उतरतात, खुरांनी तो फाटेल. शिवाय रोहू-कटला मासे सोडलेत, ते सगळे काढावे लागतील. जांभूळ तोडायचं तर मनातच येत नाही, आजोबांनी लावलेलं आहे.

बांधाचा तेवढाच भाग उकरून चिकणमाती थराथराने ठोकून भरली तर टिकेल का? की बेंटोनाइट (पाण्याने फुगून गळती बुजवणारी माती) मिसळावं? मुरमाड जमिनीत कोणी वापरलंय का? चौरस मीटरला किती किलो लागलं? उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की काम उरकायचं आहे. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.