मदत हवी आहे: डोनरची डावी रीनल व्हेन एओर्टाच्या मागून जाते

भावाच्या ट्रान्सप्लांटसाठी आई किडनी देतेय, वय ५४, बीपी-शुगर नाही, क्रॉसमॅच (भावाचं शरीर आईची किडनी नाकारेल का ते बघणारी रक्ततपासणी) ओके. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) मात्र निघालं की डावी रीनल व्हेन (किडनीतून रक्त परत नेणारी शीर) एओर्टाच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) पुढून न जाता मागून जाते, रिपोर्टमध्ये रेट्रोएओर्टिक लिहिलंय, आणि उजव्या किडनीला दोन आर्टरी (रक्त आणणाऱ्या धमन्या). डीटीपीएत (प्रत्येक किडनी किती काम करते ते मोजणारा स्कॅन) दोन्हींचं काम जवळपास सारखं, म्हणजे त्यावरून ठरणार नाही. सर्जन म्हणतात डावीच घेऊ, आर्टरी एकच आहे, दुर्बिणीतून होईल. नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारलं तर सर्जन सांगतील तसं (हे उत्तर आता पाठ झालंय). दुसरा डोनर नाही, हॉस्पिटल बदलायचं नाहीये. कुणाच्या घरी अशीच व्हेन असलेली डावी किडनी दिलीय का, आणि ऐनवेळी दुर्बीण सोडून ओपन करावं लागलं का?